सकाळी सातचं इंजेक्शन

३ फेब्रुवारी. अधारताल वस्तीतल्या माझ्या घरी मी इंजेक्शनं देते, त्या खोलीत सिरिंजची खोकी फळीवर लावत होते. दोघी बायका आल्या. एकीच्या हातात बर्फाचा थर्मास, त्यात दुसरीला मूल व्हावं म्हणून सुरू झालेली इंजेक्शनं. दहा दिवस, रोज सकाळी सातला, पोटावर. एकही चुकवायचं नाही. चौकातल्या कंपाउंडरने ‘पहले पति को लाओ’ म्हणून परत पाठवलं होतं.

थर्मासवालीने ओढणी कमरेला खोचली होती, भांडायच्या तयारीने. "कागदावर ही एकटी आहे, दीदी, कायदा तेवढंच मानतो. घरी आमचा दोघींचा संसार आहे, बाळही दोघींचं. सुई टोचायला नवरा काहून पाहिजे?"

"मला फक्त डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे," मी म्हटलं.

बाकावर बसलेली माझी शेजारीण पुटपुटली, "अन् लोक काय म्हणतील?"

"तुम्ही तर म्हणून राहिल्या ना, काकू. बाकीचेही म्हणतील," असं सांगून थर्मासवालीने चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली.

इंजेक्शन मी दिलं. पण मी आजारी पडले तर या पुन्हा त्याच कंपाउंडरच्या दारात उभ्या राहणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुई थर्मासवालीच्याच हातात दिली आणि दुसरीच्या पोटाची कातडी चिमटीत कशी धरायची ते दाखवलं.