नानांवर उगवलेला सूड

नानांचं बोलणं म्हणजे तोंडावर आपटलेलं दार. नव्वदच्या सुमारास अंबडच्या आमच्या कारखान्यात ते इन्स्पेक्टर होते. लेथवर कातलेली पिन मायक्रोमीटरमध्ये धरायची, आकडा बघायचा आणि म्हणायचं, "चालंल", नाहीतर "भंगार". भंगार मालावर लाल रंगाचा फराटा ओढायचे, तोही ज्याने माल काढला त्याच्या डोळ्यांदेखत.

मॅनेजरलाही तीच वागणूक. एकदा माल न्यायला गाडी दारात उभी होती. साहेब गोडीत म्हणाले, "नाना, एवढा लॉट सोडा." नानांनी खिशातलं पेन पुढे केलं. "सही तुम्ही करा." लॉट गेला नाही. घोटीला एका सहकाऱ्याच्या लग्नात मुलीच्या बापाने हात जोडून विचारलं, जेवण कसं झालं? नाना म्हणाले, "भात कच्चा." आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्याचा पाणउतारा बघायला मजाच येते.

मग माझी पाळी आली. मी तेव्हा लेथवर हंगामी कामगार होतो. मला कायम करायचं का, हे साहेबांनी नानांना सगळ्यांसमोर विचारलं. "हात जड हाय. सहा महिने अजून." सटाण्याला माझं लग्न ठरलं होतं. नोकरी कायम नाही म्हणताच मुलीकडच्यांनी मोडलं. तेव्हापासून मी या माणसाला पाण्यात पाहू लागलो. त्याला परत बोट ठेवायला जागा मिळू नये म्हणून जीव तोडून काम शिकलो. माझा हात सुधारला तो त्या रागाने, हे कबूल केलं पाहिजे.

पंधराएक वर्षांनी मी दुसऱ्या कारखान्यात इन्स्पेक्टर झालो. नाना निवृत्त झाले होते. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी एक लेथ मशीन टाकलं होतं. एका सकाळी आमच्या कारखान्यासाठी कातलेल्या वीस पिनांचा ट्रे घेऊन तेच माझ्या टेबलासमोर उभे.

"बघ."

मी मोजल्या. एकूण एक पिन मापात बरोबर होती. तरी मी लाल रंगाचा ब्रश उचलला.

"भंगार."

"किती?"

"तीन शतांश जास्त."

धडधडीत खोटं बोललो. वाटलं, आता भांडतील, मायक्रोमीटर मागतील. मला भांडण हवंच होतं; सटाण्याचं सगळं ऐकवायचं होतं. नानांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"मी मोजल्या तवा बरोबर होत्या. नजर गेली माझी."

ट्रे उचलला आणि निघून गेले.

महिन्याभरात त्यांनी मशीन विकल्याचं कळलं. पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग जेवण गोड लागेना, म्हणून नानांच्या घरी गेलो. नाना ओट्यावर नुसते बसून होते. "ये," म्हणाले. काकूंनी चहा आणला.

"डॉक्टरला दाखवलं," त्या मला सांगू लागल्या. "डोळे चांगले हायेत म्हणतो. पन हे ऐकतच नाय. म्हणत्यात, तपासणारा मानूस खोटं कशाला बोलंल?"

खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. मी चहा पिऊन परत आलो.