उपशाखेवर एकमत

मराठीतून भूगोल शिकणाऱ्या मुलांसाठी एक पक्कं पुस्तक लिहायचं म्हणून आमची समिती नेमली गेली, तेव्हा मला वाटलं होतं की डोकेदुखी नकाशांची असेल. नकाशे केव्हाच तयार झाले. पुस्तक अडलं ते पहिल्याच प्रकरणाच्या मथळ्यावर. एखाद्या विषयाचे जे भाग पडतात, त्यांना म्हणायचं काय?

शाखा म्हणा, असं मी पहिल्या बैठकीत सांगून टाकलं. भूगोलाच्या दोन शाखा, प्राकृतिक आणि मानवी. त्यांच्या पोटात हवामानशास्त्र, नागरी भूगोल वगैरे उपशाखा. माझी कॉलेजातली सगळी नोकरी या दोन शब्दांवर निभावली होती.

"शाखा बँकेची असते, बाई," अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त प्राचार्य. "आपल्या गावात तर दुकानदारसुद्धा पाटी लावतात, आमची कोठेही शाखा नाही म्हणून. ज्ञानाला जरा भारदस्त शब्द नको का?" त्यांना ज्ञानक्षेत्र हवं होतं. समितीतल्या संस्कृतच्या पंडितांना अंग आणि उपांग हवं होतं. विद्याशाखा घेतला तर कला, वाणिज्य, विज्ञान यांच्याशी घोळ होईल, हे सगळ्यांना मान्य होतं, तरी त्यावर कित्येक शनिवार गेले. ज्या गोष्टीवर वाद नाही तिच्यावर इतकं बोलणारी माणसं मी पुण्याबाहेर पाहिलेली नाहीत.

एकदा वैतागून मी म्हटलं, मग पोटशाखा करा. पंडितांनी चष्मा काढून पुसला. "आपल्याकडे पोटजात असते आणि पोटभाडेकरू असतो. दोघांबद्दल कोणी बरं बोलत नाही."

त्यात समितीची एक रीत होती. मतं मोजायची नाहीत, शब्द एकमतानेच ठरवायचा. एकाने जरी "मला खटकतंय" म्हटलं की विषय पुढच्या शनिवारी. का खटकतंय हे विचारणं असभ्यपणाचं. अध्यक्षांना या रीतीचा फार अभिमान होता. मला तिचा इतका संताप यायचा की घरी जाताना मंडईत भाजीवालीशी उगाच भांडण व्हायचं.

माझी घाई अध्यक्षांना पोरकटपणाची वाटे. पण मी रविवारी खडकीला नोकरी करून बहिःस्थ पदवी घेणाऱ्या मुलांना शिकवायला जात असे, आणि तिथे एक मुलगी होती. यवतमाळकडची, इथे भावाकडे राहणारी, दिवसभर कपड्यांच्या दुकानात उभी असणारी. नकाशा उघडला की तिचा थकवा पळायचा. तीच मुलगी आदल्या वर्षी भूगोलात नापास झाली होती. बाजारातली सगळी गाइडं तिने जमवली होती. एकात हवामानशास्त्र ही शाखा, दुसऱ्यात उपशाखा, तिसऱ्यात तर चक्क विद्याशाखा. नेमका त्यावरच प्रश्न आला, आणि तिने तिन्ही लिहून सगळा गोंधळ करून ठेवला.

"यातलं खरं कोणतं जी, मॅडम?" तिने मला विचारलं.

"मी सांगते ते लिही."

"तुम्ही सांगता ते बरोबरच असंल. पण पेपर तपासणारे मानतील का? छापलेलं दाखवता आलं पाहिजे ना."

ती बरोबर बोलत होती. म्हणून मी तिला आमच्या पुस्तकाबद्दल सांगितलं. परीक्षेचे फॉर्म निघायच्या आत येईल, असंही सांगितलं. दर रविवारी ती पुस्तकाची चौकशी करायची, आणि दर शनिवारी मी समितीत तिची गोष्ट काढायची. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बाई, पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जाणार. एका मुलीच्या फॉर्मसाठी आपण शब्द कच्चा सोडायचा का?"

फॉर्म निघाले. त्यानंतरच्या एका शनिवारी पंडितांनी आल्या आल्या जाहीर केलं की शाखा आणि उपशाखा हे शब्द रुळलेले आहेत, त्यांना आता काही खटकत नाही. अध्यक्षांनाही खटकेनासं झालं. का, ते विचारायची रीत नव्हती. मी पहिल्या दिवशी म्हटलेले शब्द टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले आणि पेढे मागवण्यात आले.

मी जिन्यात जाऊन तिला फोन लावला. दुकानात गर्दी होती, ती कुजबुजत बोलत होती.

"अगं, ठरलं एकदाचं. आता छापायला जाईल."

ती म्हणाली, "मी भूगोल सोडला जी, मॅडम. समाजशास्त्र घेतलं. फॉर्म भरून झाला. रागावू नका."

"तुला आवडतं का समाजशास्त्र?"

"नाही. पण त्याचं पुस्तक आहे."

तिला गिऱ्हाइकाने हाक मारली आणि तिने फोन ठेवला. वरून अध्यक्ष मला पेढ्यासाठी बोलावत होते. मला खटकतंय, असं वर जाऊन सांगावंसं वाटलं. पण मग पुस्तक परत पुढच्या शनिवारी गेलं असतं, आणि खडकीच्या वर्गात भूगोल घेतलेली अजून चार मुलं होती. मी वर गेले आणि पेढा घेतला.