दोन सह्या पुरेत

दुबईच्या देरा भागातल्या आमच्या कोकणी जमातीच्या कमिटीत हमदुल्ला सात वर्षं सेक्रेटरी होता. श्रीवर्धनकडचा माणूस, कापडाच्या पेढीत टायपिस्ट, बायकोमुलं गावी. त्याला दुबईला आणलं ते कमिटीचे अध्यक्ष अलीमियाँ यांनी. राहायलाही तो त्यांच्याच खोलीत होता.

कमिटीत अकरा जण. जुम्याच्या नमाजानंतर जमायचे, चहा प्यायचे, गावच्या गप्पा करायचे आणि पुढच्या जुम्याला बघू म्हणून उठायचे. आजारी माणसाला बोटीने घरी पाठवायचं तरी अलीमियाँची सही लागे.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात धक्क्यावर गोणी उतरवणारा यूनुस छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. त्याला एकच ध्यास, घरी जायचं. अलीमियाँ धंद्याच्या कामाने रास अल खैमाला गेले होते. त्यांच्यामागे ठरवायचं कसं, म्हणून बाकीचे गप्प राहिले. मुंबईची बोट निघून गेली. पुढची यायच्या आत यूनुस वारला. त्याच्या बायकोला, हमीदाला, पत्र हमदुल्लानेच लिहिलं. उशीर का झाला, ते मात्र त्याच्याने लिहवलं नाही.

पुढच्या मीटिंगला त्याने एक कागद वाचून दाखवला. कुठल्याही दोघांच्या सह्या पुरेत. प्रत्येकाकडे एक नेमून दिलेलं काम. आणि दोन वर्षांनी सगळ्यांनी जागा सोडायची, अध्यक्षांनीसुद्धा.

अलीमियाँ हळूच म्हणाले, "हमदू, मला काढायला निघालास?"

"तुम्हाला नाही, चाचा. यूनुससारखं परत होऊ नये, एवढंच."

सहा हात वर झाले. अलीमियाँ उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. त्याच आठवड्यात हमदुल्लाने आपली वळकटी दुसरीकडे हलवली. नव्या खोलीतले सगळे मलबारी. त्यांचं बोलणं त्याला कळत नसे. रस्त्यात अलीमियाँ दिसले की तो सलाम करी. ते दुकानांकडे बघत पुढे जात.

कमिटी मात्र कामाला लागली. त्या वर्षी चार आजारी माणसं मिळेल त्या पहिल्या बोटीने घरी पोचली.

दोन वर्षं भरली तेव्हा हमदुल्लाने रजिस्टर नव्या सेक्रेटरीच्या, अजीजच्या, हातात दिलं. तुम्ही तरी राहा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. तो ऐकेना.

एका जुम्याला सवयीने त्याचे पाय मीटिंगच्या जागेकडे वळले. जिन्याखाली तो थोडा वेळ उभा राहिला. वर कुणीतरी ठराव वाचत होतं, भरभर, न अडखळता. वर न जाता तो खाडीकडे चालू लागला.