तनयची सही

ढुंढिराज म्हणजे माझ्या सुधाताईचे मिस्टर. पंचवटीत राहतात, रामकुंडावर श्राद्धाचे विधी करतात. तिथीच्या बाबतीत महाखडूस माणूस. माझ्या लग्नात मुहूर्त जरासा टळला तर हे भाऊजी न जेवता निघून गेले. मी ते अजून विसरलेलो नाही.

त्यांच्या घरचा कॉम्प्युटर माझ्या भाच्याने, तनयने, बांधलेला. नुसती पेटी नाही हो, आतलं लिनक्सही त्याने तुकडा तुकडा करून स्वतः जुळवलं होतं. बाजारातलं तयार घेईल तर तो तनय कसला! कीबोर्डवर ॐ आणि ळ त्याने वडिलांच्या बोटांना सापडतील तिथे आणून ठेवले. त्यांच्यासाठी पंचांगाचा प्रोग्राम लिहिला. यजमानाचं नाव टाकलं की त्याच्या घरच्या श्राद्धाची यंदाची तारीख समोर. उघडण्याआधी प्रोग्राम एक सुरक्षा प्रमाणपत्र तपासायचा, तेही तनयनेच सही करून दिलेलं. मग पडद्यावर यायचं, ‘खात्री देणार: तनय’.

तीन वर्षांपूर्वी पेठच्या घाटात मोटरसायकलच्या अपघातात तनय गेला. भाऊजी रडले नाहीत. दहावा-तेरावा सगळं शास्त्राप्रमाणे केलं आणि कॉम्प्युटरला कुणाला हात लावू दिला नाही. पूर्वी मशिनची तारीख छापील पंचांगाशी ताडून बघायचे, तेही सोडलं. पोराचं नाव आलं की त्यांना पुरे असायचं.

यंदा उन्हाळ्यात लाइट गेली, आली, आणि कीबोर्ड नुसतं इंग्रजी उमटवू लागला. त्यातच प्रमाणपत्राची मुदत संपली आणि पंचांग उघडेना. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या धम्मपालला घेऊन गेलो. कीबोर्डची सेटिंग त्याने चहा येईस्तोवर जागेवर आणली. प्रमाणपत्रापुढे मात्र हात टेकले. तनयच्या सहीला पासवर्ड होता आणि तो त्याच्याबरोबर गेला.

“नवीन करून देतो, काका. नावही तनयचंच टाकतो. पण सही माझी असेल.”

भाऊजी म्हणाले, राहू दे.

आठवड्याभरात ताईचा फोन आला की पंचांग आपोआप सुरू झालं. मला बरं वाटलं. तेव्हाच शंका यायला हवी होती खरं तर.

श्रावणात देवळाली कॅम्पच्या लताबाई नवऱ्याच्या श्राद्धाला आल्या. तारीख भाऊजींनीच फोनवर सांगितलेली. डब्यात तीळ, तांदूळ, सगळं घेऊन पहिल्या बसने आल्या, आणि घाटावर दुसऱ्या गुरुजींनी सांगितलं की तिथी केव्हाच होऊन गेली. बाई भांडल्या नाहीत. पायरीवर बसून रडल्या. भाऊजींनी त्यांच्यासमोर हात जोडले. ज्या माणसाने उभ्या जन्मात तिथी चुकवली नाही त्याच्यावर ही वेळ आली. मी तिथेच होतो, मला बघवलं नाही.

मी तणतणत त्यांच्या घरी गेलो आणि कॉम्प्युटर लावला. कोपऱ्यात तारीख चार वर्षांपूर्वीची! भाऊजींनी घड्याळच मागे नेलं होतं. मशिनच्या लेखी तनयची सही अजून चालू होती, आणि श्राद्धाच्या तारखा त्या सालच्या येत होत्या.

मी चिडून म्हणालो, “अहो, महिनाभर मागे नेलं असतं तरी उघडलं असतं. चार वर्षं कशाला?”

“तेव्हा तो होता,” भाऊजी म्हणाले.

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे. नवऱ्याला तिने कधी उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

“तिथे आहे ना तो? मग सांगा त्याला, पेठला जाऊ नकोस म्हणावं.”

 भाऊजी खुर्ची ओढून बसले आणि एकेक आकडा शोधत आजची तारीख टाकली. पंचांग उघडायला गेले, ते उघडलं नाही. तनयचं नावही आलं नाही. त्यांनी कीबोर्डवर डोकं टेकलं आणि तीन वर्षांचा दाबून ठेवलेला हंबरडा फोडला.

ताई पिठाच्या हातांनीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी बाहेर ओट्यावर जाऊन धम्मपालला फोन लावला आणि म्हटलं, ये बाबा, तुझी सही कर.