दुसरी येईपर्यंत

दार कुठलंही असो, आमच्या डॉक्टरबाई त्यातून पहिल्या कधीच जायच्या नाहीत. जेद्दाच्या एका कॉलेजात, मुलींच्या विभागात मी ऑफिस सांभाळायची आणि त्या अर्थशास्त्र शिकवायच्या. अमेरिकेतल्या काळ्या बाई, उंची सहा फुटांना टेकलेली आणि आवाज असा की माईकनं लाजावं. लिफ्ट आली की म्हणायच्या, "तू हो पुढे." मी पडले रत्नागिरीची, वडीलधाऱ्यांच्या आधी पाऊल टाकणार कशी? आमचं ठरेपर्यंत लिफ्ट वर जाऊन परत खाली यायची. एकदा विचारलंच. म्हणाल्या, "वर्गातली पहिली काळी मुलगी मी, डिपार्टमेंटातली पहिली काळी प्रोफेसर मी. पहिली होऊन होऊन कंटाळले गं. आता मागे कुणी येतंय का, ते आधी बघते."

बाईंना जेद्दाच्या शराफिया भागात बाजाराला नेणं म्हणजे शिक्षाच. बांगडा मागच्या आठवड्यापेक्षा महाग का, असं त्यांनी विचारलं आणि मासेवाल्यानं "खलास मॅडम, लेना है तो लो" म्हटलं, की ह्यांची वही बाहेर. बोटी किती आल्या, बर्फ कुठून येतो, सगळं लिहून घ्यायच्या. शेवटी तो बिचारा स्वतःच स्टूल आणून द्यायचा. अर्ध्या तासानं बाई रिकाम्या हातानं उठायच्या. मासे त्यांना मुळी आवडतच नसत.

मग सौदीकरणाचे, म्हणजे परदेशी लोकांच्या जागी सौदी माणसं घ्यायचे दिवस आले आणि माझ्या टेबलाशेजारी नूरा नावाची सौदी मुलगी येऊन बसली. मी तिला काम शिकवायचं आणि इकाम्याची, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याची, मुदत संपली की गावी जायचं, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे हे बंदरात कामाला. ते म्हणाले, "सगळं शिकवलंस तर उद्याच घरी बसवतील." मला ते वेगळं सांगायची गरजच नव्हती. माझ्या सगळ्या फायलींवर नावं मराठीत होती, मुद्दामच. नूरा कपाट उघडायची, बघायची आणि बंद करायची. "मग शिकवते" म्हणत मी दोन महिने काढले.

एकदा मी रजेवर असताना बाईंना फाइल लागली आणि नूराला ती सापडेना. दुसऱ्या दिवशी बाई चहा घेऊन माझ्यापाशी बसल्या. "मी नोकरीला लागले, तेव्हा कोरे कागद कुठल्या कपाटात असतात हे मला कुणी सांगितलं नाही. ठाऊक सगळ्यांना होतं. वर्षभर मी दुकानातून कागद आणले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रागही आला. "तुमचं काय जातंय? तुमची नोकरी पक्की आहे."

बाईंनी पिशवीतून एक जाडजूड वही काढली. "ही माझी सगळी लेक्चरं. माझ्या जागी माझीच विद्यार्थिनी येतेय, तिला द्यायचीत."

त्याच दुपारी नूरा आणि मी फायली जमिनीवर मांडून बसलो. मी वाचायची, ती अरबीत नाव घालायची. "यल्ला, पुढची," म्हणायची. खरं सांगते, हात चालत होते, पण डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

बाई माझ्या महिनाभर आधी अमेरिकेला परत गेल्या. शेवटच्या दिवशी आम्ही दाराशी आलो आणि मी सवयीनं थांबले. बाईंनी मागे वळून पाहिलं. मी होते, नूरा होती आणि ती वही छातीशी धरलेली त्यांची विद्यार्थिनी होती.

"आज मी होते पुढे," म्हणाल्या, आणि गेल्या.

आता मी रत्नागिरीत असते. बँकेच्या दाराशी जरा थांबून मागे बघते. लोकांना वाटतं, म्हातारीचे गुडघे दुखतात. मीही तसंच म्हणते. बाईंची फार आठवण येते.