वाटणी झाली, वाटण संपलं

किरणचा फोन आला तेव्हा मी पिठलं ढवळत होते. हात थांबला की पिठल्यात गाठी होतात, म्हणून पहिला फोन मी घेतलाच नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा सुनेने उचलून माझ्या कानाला लावला. "मोठी आई, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी गॅस बंद केला. किरण माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. त्याची आई हौसा म्हणजे माझी जाऊ. भावकीतलं मरण, सुतक आम्हालाही होतं, म्हणून ते पिठलं कोणी खाल्लं नाही. सुनेने कुत्र्याला घातलं, तर त्यानेही निम्मं टाकलं. मिक्सरात काढलेल्या मिरचीचं पिठलं मला कधी जमलं नाही. ते का जमलं नाही, हेच मी आज लिहायला बसले आहे.

हौसा लग्न होऊन आली ती राजगुरुनगरच्या पलीकडून. मी तिच्या आधी चार वर्षं या घरात आलेली. गावाच्या चहूबाजूंनी आता पत्र्याच्या शेड आहेत आणि रस्त्यावर कंटेनरची रांग असते, पण तेव्हा घराच्या मागच्या दारातून थेट शेत दिसायचं. खाणारी अकरा माणसं. दोघे भाऊ कंपनीत, एक पहिल्या शिफ्टला तर दुसरा दुसऱ्या. मग चार पदार्थ करत बसायला वेळ कोणाला होता? एकच काहीतरी मोठ्या पातेल्यात करायचं आणि जो येईल त्याला गरम करून वाढायचं. पिठलं, घेवड्याची आमटी, शेवग्याच्या शेंगांचं कालवण, आणि थंडीत हुलग्याच्या शेंगोळ्या. यातलं काहीही असो, खाली वाटण हौसाचं. एक गुडघा उभा करून ती पाट्यापुढे बसायची. लसूण, हिरवी मिरची, जिरं, खडे मीठ. पाण्याचा थेंब घालायची नाही. मी मध्ये हात लावला तर म्हणायची, "आक्का, तुमचा हात दगडासारखा हाय, पर दगुड एकच पुरं हाय." शेंगोळ्या वळायला मात्र दोघी बसायचो. अर्धं वाटण हुलग्याच्या पिठात मळायचं, अर्धं फोडणीत टाकायचं, वर पाणी ओतायचं, ते खळखळलं की वळलेल्या शेंगोळ्या सोडायच्या. माझ्या जाड व्हायच्या, मधे पिठूळ राहायच्या. तिच्या बारीक, टोकाला निमुळत्या. आमचे मालक ताटात बोटाने निवडायचे. "ही धाकलीची. ही बी धाकलीची. ही आपली घरची, बाजूला राहू दे." सगळे हसायचे. मी हसायचे नाही. खोटं कशाला लिहू, तिच्या हाताला चव होती आणि ते मला सोसत नव्हतं.

पुढे जमिनी कंपन्यांकडे गेल्या आणि दोघा भावांचं कशावरच पटेना. घराच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. भावकीतले एक म्हातारे मध्यस्थीला बसले. पातेली, पराती, पिंप, खाटा, सगळं न भांडता वाटलं गेलं. शेवटी राहिला पाटा-वरवंटा.

"पाटा माझा," मी म्हणाले. "सासूबाईंनी माझ्या हातात दिलाय."

"घ्या की," हौसा म्हणाली. "वरवंटा मी नेणार. माझ्या तिन्ही पोरांच्या बारशाला त्यालाच टोपरं घालून पाळण्याखालून फिरवलाय."

म्हातारे हसले. "मिटलं तर मग. एकीला पाटा, एकीला वरवंटा. वाटणी आमी केली, आता वाटण कशावर वाटायचं ते तुमचं तुमी बघा."

कोणी मध्ये पडलं नाही. मला कळत होतं की वरवंट्याशिवाय पाटा म्हणजे नुसती फरशी. पण तिलाही नुसत्या वरवंट्याचं काय करायचं होतं? मी मनात धरलं, आठ दिवसांत येईल पाटा मागायला. आली की देईन, पण तिने यायला पाहिजे. तीही भिंतीपलीकडे हेच धरून बसली होती. आठ दिवसांत तिच्याकडे मिक्सर आला, पंधरा दिवसांत माझ्याकडे. पाटा मी मोरीत टाकला आणि त्यावर कपडे धुवायला लागले.

अशी अठरा वर्षं गेली. आमचा अबोला नव्हता, तसं कोणी समजू नये. लग्नाकार्यात शेजारी बसायचो, दवाखान्यात एकमेकींना घेऊन जायचो. दोघींचे नवरे गेले तेव्हा एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. सकाळी भिंतीपलीकडून ती ओरडायची, "आक्का, काय केलंय आज कालवण?" मी ओरडायचे, "तुझा मिक्सर गप बसला तर सांगते." सगळं बोललो, तेवढं एक सोडून. तिच्याकडे कालवणं होत होती, माझ्याकडेही होत होती, पण मिक्सरात मिरची नुसती चिरडते, लसणाला पाणी सुटतं. दोन्ही घरांतल्या पोरांना तीच चव खरी वाटायला लागली. हुलग्याचं पीठ आणायचं दोघींनीही बंद केलं.

त्यातल्या शेवटच्या वर्षी किरणने रावेतला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि हौसा तिकडे गेली. जाताना वरवंटा घेऊन गेली, हे मला तिच्या आजारपणात कळलं. पोटाचा आजार होता, अन्न आत ठरत नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा ती गॅलरीजवळच्या पलंगावर पडलेली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला वरवंटा लावला होता. मी तिकडे बघतेय हे तिने पाहिलं.

"आक्का, एकडाव शेंगोळ्या करा की," ती म्हणाली. "पाट्यावरच्या. मिक्सरातल्या न्हाई."

अठरा वर्षांत तिने पहिल्यांदा मागितलं होतं. त्यावर मी काय म्हणावं?

"बरी हो आणि वरवंटा घेऊन ये. मग वाटू."

"मीच आणू व्हय?"

"मग काय मी नेऊ? पदराखाली झाकून?"

ती हसली, हसताना तिला खोकला आला. "तुमी न्हाई सुधारायच्या, आक्का..." मग तिने डोळे मिटले. ती बरी होणार नाही हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी किरणला सांगितलं होतं, किरणने मला. तरी मी तसं बोलले. निघताना माझा पाय वरवंट्याला लागला. किरणची गाडी खाली उभी होती, लिफ्ट चालू होती, उचलायला फक्त वाकायचं होतं. मी पाय बाजूला घेतला आणि आले. नवव्या दिवशी तो फोन आला.

तेराव्यानंतर किरण वरवंटा पिशवीत घालून घेऊन आला. "आई म्हणाली होती, मोठ्या आईकडे पोचव." मी त्याला थांबवून घेतलं. हुलग्याचं पीठ दोन दिवस आधीच दळून आणलं होतं. पाटा मोरीतून काढला, चिंच लावून घासला, राखेने घासला, उकळतं पाणी ओतलं. लसूण-मिरची घेऊन बसले. वरवंटा पाट्यावरून नुसता घसरत होता. पाट्याला टाकी लावणाऱ्या, छिन्नीने टोचे मारून तो खरबरीत करणाऱ्या बायका पूर्वी गल्लीतून ओरडत जायच्या. कित्येक वर्षांत एकही आलेली नाही. तरी रेटून रेटून वाटलं, शेंगोळ्या वळल्या, रटरटवल्या आणि किरणला वाढल्या. त्याने दोन खाल्ल्या आणि हात थांबवला.

"मोठी आई, साबणाचा वास येतोय का?"

"येतोय," मी म्हणाले. "नको खाऊ."

अठरा वर्षांचा साबण दगडाच्या बारीक भोकांत बसलाय. नंतर मी पुन्हा दोनदा घासून वाटून पाहिलं. जात नाही.

पाटा आता परत मोरीत नेला नाही, ओट्याखाली ठेवला आहे. वरवंटा त्याच्यावर आहे. गुळगुळीत पाट्यावरून तो घरंगळतो, म्हणून दोन्ही बाजूंनी चिंधी लावली आहे. सून म्हणते पायात येतो, काढून टाकूया. मी तिला एवढंच सांगितलं आहे, टाकायचे झाले तर दोन्ही एकदमच टाक.