अर्ध्या दाढीचे भावजी

साऱ्या भोर संस्थानात वाऱ्याशी उघड वैर धरलेला एकच माणूस होता, आणि तो आमच्या घरात राहायचा. माझे धाकटे दीर. मी त्यांना भावजी म्हणायची, ते मला वैनी म्हणायचे, आणि वाऱ्याला ते जे म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. भाटघरच्या धरणाच्या अंगाला आमचं गाव. उन्हाळ्यात दिवस कलला की पाण्यावरून वारा यायचा, माणसं अंगणात बाज टाकून त्याची वाट बघत बसायची, आणि तो यायला लागला की भावजी घरात पळायचे. दार लावून घ्यायचे, फटीत चिंध्यांचे बोळे कोंबायचे. बाहेरून कुणीतरी मुद्दाम ओरडायचं, "भाऊ, भाईर या की, काय गार वारं सुटलंय!" आतून उत्तर यायचं, "खावा पोटभर! माजा वाटा बी तुमीच खावा!"

हे वैर जन्माचं नव्हतं बरं का. मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी चांगले ताठ, पिळाच्या मिशांचे, वाऱ्यावर छाती काढून चालणारे. त्यांची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली आणि पुन्हा ते कुणाच्या सांगण्यानं बोहल्यावर चढले नाहीत. पुढं चाळिशी उलटल्यावर एका पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या डाव्या गालाची आग व्हायला लागली, आणि बघता बघता डोळ्याखालून गाल, मिशी, हनुवटी असे फोड उठले. नागीण! तिची एक तऱ्हा अशी की ती तोंडाच्या बरोबर मध्यावर येऊन थांबली. बांध घातल्यासारखी. बांधाच्या अलीकडं रान पेटलेलं आणि पलीकडं एक फोड नाही. एवढ्या आगीत भावजी म्हणतात कसे, "शेजाऱ्याच्या हद्दीत पाऊल न्हाई टाकलं बगा. आपल्या भावकीपरीस ही बरी."

गेरूचे लेप झाले, कडुनिंबाचा पाला झाला, देवऋषी झाला. देवऋषी म्हणाला, मागच्या जन्मी तुम्ही साप मारलाय. भावजी म्हणाले, "मग मागल्या जन्मीच डसायचं की! आता पत्ता हुडकत आली व्हय?" यथावकाश फोड वाळले, खपल्या पडल्या, कातडी आली. सगळं गाव म्हणालं, गेली नागीण, सुटलात. पण ती गेली नव्हती हो. ती कातडीखाली जाऊन बसली होती. कधी विस्तव ठेवल्यासारखं व्हायचं, कधी सुई टोचावी तशी कळ उठायची. शेवटी ह्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्यांना भोरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, वरची जखम भरली, आतली शीर पोळलीय, तिथं मलम पोचत नाही. कधी थांबेल विचारलं तर म्हणाले, कुणाची थांबते, कुणाची राहते. भावजी घरी येऊन सांगायला लागले, "डाक्टर लई हुशार मानूस. दोनी बोलून ठेवलं, एक तरी खरं व्हनारच."

त्या दुखण्याची गंमत अशी, आणि गंमत म्हणताना माझा जीव खालीवर होतो, की गालावर तळवा गच्च दाबून धरला तर त्यांना चालायचं. उलट बरं वाटायचं. पण पदराचं टोक, कोंबडीचं पीस, साधी माशी लागली की माणूस उडायचा. हेच लोकांना पटायचं नाही. तळहात दाबला तर सोसतो आणि माशीला घाबरतो, हे कसलं दुखणं? वस्तऱ्याचं तर नावच नको. गावचा न्हावी धोकटी घेऊन यायचा, उजवा गाल चकचकीत करायचा आणि मधल्या बांधावर येऊन थांबायचा. डावीकडं दाढी छातीपर्यंत. उजवीकडून बघावं तर सोयरिकीला निघालेला गडी, डावीकडून बघावं तर हिमालयातून आत्ताच उतरलेला साधू.

एकदा नसरापूरच्या बाजारात ते डावी बाजू रस्त्याला करून झाडाखाली बसले होते. एक बाई आली, पुढ्यात केळी ठेवली, पाया पडली आणि म्हणाली, "म्हाराज, पोराचा खोकला जाईना." भावजींनी सावकाश मान वळवली. "आडुळसा उकळून पाज." उजवा गाल बघून बाई किंचाळली, "आगं बया, ह्यो तर आर्धाच हाय!" केळी परत मागायला लागली तर भावजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे की माय. आर्धं तरी पुन्य लागंल." आणि केळी घरी आणून आम्हाला वाटली.

बोलण्याचीही तीच तऱ्हा. बोलता बोलता कळ आली की ते एक बोट वर करायचे. त्यांनी बोट वर केलं की सगळ्यांनी थांबायचं. कळ ओसरली की जिथं थांबले होते त्याच अक्षरापासून पुढं. माझ्या नणंदेच्या मुलीच्या वेळी पाहुणे बोलणी करायला आले. त्यांनी विचारलं, सोयरीक मान्य आहे का. घरातले जाणते म्हणून भावजी म्हणाले, "आमाला ही सोयरीक..." आणि बोट वर! पाहुणे वाट बघून बघून उठले, पागोटी डोक्यावर चढवली, वहाणा पायात घातल्या, पार फाटकापाशी गेले. तेव्हा मागून आवाज आला, "...लई पसंत हाय!"

आता खळ्यावरचं सांगते. भात झोडून झालं की उपणायला वारा लागतो. सूप डोक्यावर धरून उभं राहायचं, वारा आला की दाणे खाली, फोल लांब. पण वारा काही कुणाचा चाकर नाही. तासन्‌तास झाडाचं पान हलत नाही. तर आमच्या गावाला अशी युक्ती सापडली की वारा झाडाला कळायच्या आधी भावजींच्या गालाला कळतो. मग काय, उपणणीच्या दिवसांत रोज कुणीतरी दारात. "भाऊ, आज आमच्या खळ्यावर या. बसून ऱ्हावा नुस्तं." आणि वाऱ्याशी वैर धरलेला हा माणूस जायचा! खळ्याच्या कडेला घोंगडीवर बसायचा. त्यांचा डावा डोळा बारीक झाला की कुणीतरी हाक द्यायचं, "आलं रं, आलं! उचला सुपं!" आणि खरंच झुळूक यायची. भावजी हनुवटी गुडघ्यात खुपसून बसलेले, आणि त्यांच्या पाठीमागं भाताची सोन्यासारखी रास पडतेय. कितीतरी घरांचं भात त्या गालावर उपणलं गेलं. संध्याकाळी परत येताना हीच माणसं आपापसात म्हणायची, "दुखत बिखत काय न्हाई, सवयच लागलीय त्याला." त्यांना वारा पटायचा, कळ पटायची नाही. हे मला अजून उमगलेलं नाही.

पटायचं ते एकाच माणसाला. माझ्या सासूबाईंना. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. भावजी जेवायला बसले की आत्याबाई निर्गुडीची डहाळी घेऊन शेजारी बसायच्या आणि माश्या हाकायच्या. दुधात भाकरी कुस्करून द्यायच्या, कारण चावलं की कळ उठायची. शेजारच्या म्हातारीनं एकदा दारातून टोमणा मारला, "काय गं, चाळिशीच्या घोड्याच्या माश्या हाकती व्हय?" आत्याबाई डहाळी न थांबवता म्हणाल्या, "तुज्या घोड्याला शेपूट हाय म्हनून तू मोकळी. माज्याला न्हाई." भावजींना हसू आलं, हसण्यानं कळ आली, आणि बोट वर गेलं. आत्याबाई घास हातात धरून थांबल्या. त्या नेहमी थांबायच्या. कळ संपेपर्यंत त्या माउलीचाही श्वास अडलेला असायचा.

मग त्या आजारी पडल्या. आमच्याकडं आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा आणि दहाव्याला नदीवर डोकं, दाढी, मिशी सगळं उतरायचं अशी रीत. अंथरुणावर पडल्या पडल्या आत्याबाईंना मरणाची नव्हती तेवढी त्या वस्तऱ्याची चिंता. भावकीतल्या जाणत्यांना बोलावलं, न्हाव्यालाही बोलावलं, आणि सांगितलं, "माज्यामागं ह्याच्या तोंडाला वस्तरा लावायचा न्हाई. डुई उतरा. तोंडाला न्हाई. माजी शपत हाय." सगळे हो म्हणाले. मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?

दहाव्याला आम्ही सगळी नदीवर. ह्यांनी सगळं उतरवलं. भावजींनी डोकं उतरवलं, आणि ती अर्धी दाढी आणि मिशी तशीच घेऊन पिंड मांडले. आम्ही बायका जरा लांब बसलो होतो. समोरच्या करंजाच्या झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. ह्यांनी हात जोडून म्हटलं, आई, धाकट्याला अंतर देणार नाही. कावळा येईना. आम्ही लेकीसुनांनी काय काय कबूल केलं. येईना. ऊन चढायला लागलं आणि कुजबूज सुरू झाली. मग भावकीतला एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "आईला मिशी दिली न्हाई त्यानं. कसा शिवंल कावळा?"

ह्यांनी सांगून बघितलं, आईचीच शपथ आहे. म्हातारा म्हणाला, "बोलायचं म्हनून बोलली आसंल. जीव आडकलाय तो दिसतोय की समोर."

भावजी उठले आणि न्हाव्यापुढं जाऊन बसले.

न्हाव्यानं वस्तरा मागं घेतला. "भाऊ, आईनं मला बी शपत घातलीय."

"तिचं माजं आमी बगून घिऊ. तू लाव."

न्हाव्यानं आधी उजवी बाजू घेतली. तिकडचे खुंट उतरले, तिकडची मिशी उतरली, आणि तेवढ्यात एक कावळा झपकन खाली आला नि पिंडाला चोच लावून गेला. "शिवला! शिवला!" सगळे उभे राहिले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. न्हाव्यानं तर वस्तरा मिटलाच. "उठा भाऊ, सुटली आई. ऱ्हायलेलं ऱ्हाऊ द्या." मीही मनात म्हटलं, म्हातारीनं मेल्यावरही लेकाचा गाल वाचवला.

भावजी उठले नाहीत.

"बस खाली," ते न्हाव्याला म्हणाले. "माजं समदं तिला आर्धंच बगावं लागलं. संसार आर्धा, जेवान आर्धं, तोंड आर्धं. एवडं तरी..." बोट वर गेलं. आम्ही सगळे थांबलो. "...एवडं तरी पुरं कर."

न्हावी रडत रडत वस्तरा चालवत होता. भावजींनी दोन्ही मुठीत काठावरची वाळू धरली होती आणि ती बोटांतून गळत होती. तोंडातून हूं नाही की चूं नाही. डाव्या डोळ्याला पाण्याची धार लागली होती. लोकांना वाटलं, आईसाठी रडतोय. तेही असेल. मी कोण सांगणार?

झालं एकदाचं. भावजींनी तोंड वर केलं आणि सगळे वाकून बघायला लागले. इतक्या वर्षांनी तो गाल उघडा पडला होता. लोकांची काय कल्पना होती कोण जाणे. काळाठिक्कर असेल, सडलेला असेल, नागिणीचे वळ असतील. तर कातडी गोरी, नितळ, नवऱ्यामुलासारखी. तो म्हातारा आणखी जवळ आला, निरखून बघितलं, आणि म्हणाला, "आरं, हितं तर कायबी न्हाई!"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माणसं नुसती एकमेकांकडं बघायला लागली, आणि मला दिसलं की त्या घडीला सगळ्यांनी भावजींचा हिशेब मिटवून टाकला. एवढी वर्षं सोंग केलं. वस्तरा लागला तरी ओरडला नाही, म्हणजे दुखत नव्हतंच. मी आपली मनात म्हणतेय, अरे, ओरडला नाही तो आईच्या पिंडासमोर बसला होता म्हणून! पण सुनेनं नदीवर चारचौघांत बोलायची ती वेळ नव्हती, आणि बोलून कुणाला पटलं असतं? दाढी होती तोवर निदान त्या दुखण्याचं काहीतरी दिसत होतं. आईसाठी त्यांनी तेवढा एक साक्षीदार होता तोही देऊन टाकला.

घरी आल्यावर माणसं पांगली. भावजी माजघरात भिंतीशी बसले होते, ताप भरल्यासारखे लाल. मला म्हणाले, "वैनी, खरंच कायबी दिसत न्हाई?" मी माझ्या फणीच्या पेटीतला आरसा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडाकडं धरला आणि मान वळवून कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता तरी त्या म्हाताऱ्याला शिवी हासडतील. पण त्यांचा आवाज अगदी मऊ आला.

"वैनी, ह्यो गाल तर आईचा हाय."

मी पुढं होऊन बघितलं. खरंच की. तेच वर आलेलं हाड, तीच हनुवटीकडं उतरणारी रेघ. उजवीकडं सासऱ्यांचा तोंडवळा आणि डावीकडं, इतकी वर्षं केसांखाली झाकलेल्या, आत्याबाई.

"व्हय भावजी," मी म्हटलं. "त्याच हाईत."

त्यांनी आरसा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात हळूच वर केला, लहान पोर आईच्या तोंडाकडं नेतं तसा. गालापाशी नेला. आणि बोटभर अंतरावर तो हात तसाच थांबला.